हलणारे भाग तीनच

विल्बर, नेब्रास्का
१८ एप्रिल २००४

प्रिय अल्बिना,

उडालं. सतरा वर्षं लागली, पण उडालं.

मंगळवारी सकाळी एमिलच्या शेतातल्या गवताच्या धावपट्टीवरून मी एकटा वर गेलो, वीस मिनिटं घिरट्या घातल्या आणि निघालो तिथेच उतरलो. एमिल शेडच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. उतरल्यावर मला म्हणाला, "आलास होय?" चाळीस वर्षांपासूनचा दोस्त, पण मला त्याच्या तोंडावर थोडी निराशा दिसली.

विमान घरी बांधलं याचं इथे कुणाला काही वाटत नाही. आपल्या काउंटीत तिघांनी बांधलीत. पण त्यात जपानी मोटारीतलं जुनं रोटरी इंजिन बसवलंय म्हटलं, की लोक मला बसायला खुर्ची देतात आणि पाणी हवं का विचारतात. आता तूच सांग, यात भिण्यासारखं काय आहे? दट्टे नाहीत, झडपा नाहीत, वरखाली आदळणारं काही नाही. गोलसर डब्यात त्रिकोण फिरतो, झालं. असे दोन त्रिकोण आणि मधून एक दांडा. हलणारे भाग तीनच. बिघडायला त्यात आहे काय? एमिलच्या विमानात खास विमानाचं म्हणून इंजिन आहे, त्यात निदान पन्नास तुकडे रात्रंदिवस एकमेकांशी भांडतात आणि तेल जमिनीवर सांडतात. त्याला तो विश्वासार्ह म्हणतो.

नियमाप्रमाणे पहिले चाळीस तास एकट्यानेच उडवायचं. चाळीस पुरे झाले की पहिली बसणार तू. मी सात वर्षांचा होतो तेव्हा गोठ्याच्या दाराचं विमान करून तुला गंजीवरून ढकललं, तुझा हात मोडला, आणि तू बाबांना सांगितलंस की घोड्यावरून पडले. तेव्हाच शब्द दिला होता की खरं विमान करीन आणि आधी तुला बसवीन. मी विसरलेलो नाही.

तुझा,
लुमिर

*

सीडर रॅपिड्स, आयोवा
२७ एप्रिल २००४

प्रिय लुमिर,

अभिनंदन. फोन करणार होते, पण गेल्या वेळी तुला "तब्येत कशी आहे" विचारलं तर तू मला बटाट्याचा भाव सांगितलास. तेव्हा पत्रच बरं.

तुझे तीन भाग मला पटले. अडतीस वर्षं भूमिती शिकवली आहे, त्रिकोणाला मी काही बोलणार नाही. पण उरलेल्या न हलणाऱ्या भागांचं काय? नळ्या, तारा, पंप? ते सगळे आपापल्या जागी बसून असतात ना? तेवढं कळव.

मी येणार. पण सप्टेंबर संपायच्या आत. का ते विचारू नकोस, माझी सोय आहे. आणि मला फक्त एकच गोष्ट वरून बघायची आहे: आपल्या जुन्या शेतातला तो ओढ्याकडचा त्रिकोणी तुकडा. बाबा म्हणायचे तेरा एकर. मी चौदा वर्षांची असताना शाळेसाठी कुंपणाच्या कडेने दोरी लावून मोजला, तर अकराच भरला. बाबा हसले आणि म्हणाले, "शाळेत अकरा असेल, मी तेरा नांगरतो." दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. पुढे तेच उदाहरण मी अडतीस वर्षं मुलांना घातलं, उत्तर अकरा. तो तुकडा एका नजरेत सबंध मी कधीच पाहिलेला नाही. जमिनीवरून मकाच दिसतो. तो मला एकदा माझ्या डोळ्यांनी बघायचाय.

तुझी,
अल्बिना

*

विल्बर
१६ मे २००४

प्रिय अल्बिना,

चौदा तास झाले. इंजिन झकास. परवा एक छोटीशी गंमत झाली, तू एमिलकडून ऐकण्याआधी मीच सांगतो. वर असताना इंजिनाचा आवाज थांबला. बंद पडलं असं म्हणू नकोस. बंद पडणं वेगळं, थांबणं वेगळं. पेट्रोलच्या टाकीला हवा घ्यायला बोटाएवढी नळी असते, तिच्या तोंडात एका कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल बाहेर येईना. आता इंजिनाने पेट्रोलशिवाय काय करायचं? मी शेजारच्या ब्रोझच्या लसूणघासात अलगद उतरलो. गायी जरा दचकल्या. ब्रोझची बायको कॉफी घेऊन आली.

माशी इंजिनाचा भाग नाही, हे तुलाही मान्य होईल.

एमिलने शेडच्या भिंतीवर खडूची पाटी लावली आहे. वर लिहिलंय "बंद पडलं", खाली आकडा. मी भांडून दुसरी ओळ लिहून घेतली: "इंजिनाचा दोष: ०".

आणि हे काय, पत्र एवढ्या मोठ्या अक्षरात? पानाला जेमतेम आठ ओळी. मी बहिरा झालोय अल्बिना, आंधळा नाही.

लुमिर

*

सीडर रॅपिड्स
२५ मे २००४

प्रिय लुमिर,

अक्षराचं माझं मी बघेन.

सायलेन्सर बसवलायस का? कारण तुझे कान गेले ते सतरा वर्षं त्या शेडमध्ये इंजिन चालवून बघण्याने, हे तुला सोडून सगळ्यांना माहीत आहे.

माशीला माफ केलं. मला फक्त एवढं कळत नाही की तू "इंजिन झकास" याने सुरुवात करतोस आणि तिसऱ्या वाक्यात लसूणघासात असतोस. यात कुठेतरी पाणी मुरतंय.

किती तास झाले, आकडा कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

अल्बिना

*

विल्बर
४ जुलै २००४

प्रिय अल्बिना,

पाणी मुरत नाहीये, गळतंय. इंजिन थंड ठेवायचं पाणी, पण अगदी थेंबाने. नळीचा पट्टा बदलला की झालं.

तास सव्वीस. इंजिन घड्याळासारखं चालतं. सायलेन्सरचं तू विचारलंस. बसवला होता. या इंजिनाचा धूर फार गरम, त्यापुढे पत्र्याचं काही चालत नाही. जूनमध्ये एका शनिवारी तो सुटून सरळ फादर हायनेक यांच्या गुलाबांत पडला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी तो मला परत दिला आणि म्हणाले, "वरून आलंय म्हणून आधी ठेवून घेतलं होतं, पण त्यावर तुझं नाव आहे." तर सायलेन्सरही इंजिनाचा भाग धरता येत नाही. तो इंजिनाच्या बाहेर असतो.

बाकी सगळं ठीक. एमिल तुला नमस्कार सांगतो.

लुमिर

*

विल्बर
९ जुलै २००४

अल्बिना,

मी नमस्कार सांगितला नव्हता. लुमिर तुला काय लिहितो ते मला विचारल्याशिवाय कळतं, म्हणून हे चार शब्द.

आतापर्यंत तीनदा बंद पडलं. माशी धरून. दुसऱ्यांदा ठिणगीची तार त्याने धुराच्या पाइपाजवळ प्लास्टिकच्या पट्टीने बांधली होती, ती वितळली. तो रस्त्यावर उतरला, कापणी यंत्राच्या मागे मागे फाट्यापर्यंत आला आणि हात दाखवून वळला. तिसऱ्यांदा त्याने भरलेल्या टाकीकडचा नळ बंद ठेवून रिकाम्या टाकीवर विमान चालवलं. पाटीवर आता तीन ओळी आहेत.

बंद पडलं: ३
इंजिनाचा दोष: ०
मालकाचा दोष: जागा पुरत नाही

खरं सांगायचं तर इंजिन मी तीनदा उघडून बघितलं. आत चकचकीत आहे. त्या त्रिकोणाला कसली खोड नाही. त्याच्याभोवती लुमिर आहे, एवढाच प्रश्न आहे.

बसायचं की नाही ते तू ठरव. मी बसलो नसतो. पण मी कशातच बसत नाही.

एमिल झाजिचेक

*

सीडर रॅपिड्स
१९ जुलै २००४

प्रिय लुमिर,

एमिलचं पत्र आलं. त्याच्यावर चिडू नकोस. त्याने मला आकडे दिले, आणि आकडे देणाऱ्या माणसावर मी कधी चिडत नाही.

तीनदा. आणि तू मला लिहितोस "बाकी सगळं ठीक". अरे, इंजिन थांबलं काय आणि बंद पडलं काय, आत बसलेल्या माणसाला वरून खालीच यायचं असतं. तू सत्तर वर्षांचा झालास. मी इकडे तुझी पत्रं वाचते आणि रस्त्यावर गाडी थांबली तरी दचकते.

पण मी लपवालपवीवर भाषण द्यायला नको, कारण मीही लपवलंय. अक्षरं मोठी का, ते ऐक. माझे डोळे चाललेत. मधोमध एक राखाडी डाग आहे, ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. डॉक्टर म्हणतात हिवाळ्यापर्यंत वाचणं संपेल. कडेकडेचं दिसत राहील. म्हणजे समोर उभ्या माणसाचे कान दिसतील, तोंड दिसणार नाही. तुझ्या बाबतीत फार नुकसान नाही.

म्हणून सप्टेंबर. तो तुकडा मला दिसायला हवा, लुमिर. मला दुसरं काही नको. रडतबिडत नाहीये. पण हेच एक मागणं आहे आणि ते फक्त तूच पुरं करू शकतोस, याचा मला फार राग येतो.

मी भूमितीच्या मार्गाने विचार केला. एमिल म्हणतो त्रिकोणाला खोड नाही. तू त्याच्याभोवतालचं नीट कर. मी बसणार.

अल्बिना

*

विल्बर
३० जुलै २००४

अल्बिना,

तुझं पत्र वाचून मी शेडमध्ये जाऊन बसलो. एमिल आला, काय झालं विचारलं, मी सांगितलं. त्याने पाना उचलला आणि विमानाच्या प्रत्येक नळीचा प्रत्येक पट्टा तपासायला घेतला. त्याच्या स्वतःच्या विमानाची एवढी सेवा मी कधी बघितली नाही.

मी तुला "बहिरा झालोय, आंधळा नाही" असं लिहिलं होतं. ते वाक्य आठवलं की जीव नकोसा होतो. माफ कर.

मी पुढच्या खिडकीचा मधला खांब काढू शकत नाही, पण तुझ्या बाजूचं दार खालून कापून तिथे पारदर्शक पत्रा बसवतोय. विमानात सगळं बाजूलाच आणि खालीच असतं, समोर काही नसतंच. तुझ्या डोळ्यांना जमेल. मी एक डोळा झाकून दोन तास बसून बघितलं.

टाकीच्या नळीला जाळी लावली. तार लांबून नेली. टाक्यांच्या नळांवर लाल आणि हिरवा रंग दिला. सायलेन्सर लावणार नाही, फादर हायनेकनी विनंती केली आहे.

तास एकतीस. एकदाही थांबलं नाही. म्हणजे एकतिसाव्यापासून.

लुमिर

*

विल्बर
२६ सप्टेंबर २००४

प्रिय अल्बिना,

तू बसने नीट पोचलीस असं तुझ्या शेजारणीने कळवलं. आता मला एक सांगायचंय, आणि ते समोर सांगायची माझी हिंमत झाली नाही.

चाळीस तास पुरे झाले आणि गेल्या रविवारी आपण वर गेलो. तू तुकड्यावर दोन चकरा मागितल्यास, मी मारल्या. मग माझ्या कानाशी ओरडून म्हणालीस आणखी एक, ती मारली. त्या तिसऱ्या चकरेत पाण्याच्या उष्णतेचा काटा लाल पट्टीच्या पार जाऊन खिळ्याला टेकला. मी म्हणालो ना, "चल, घरी रोझीचं बदक आणि वाफवलेली डम्पलिंग थंड होतील"? डम्पलिंगचं काही नव्हतं. पाणी गेलं होतं, अल्बिना. सगळं. थेंबही उरला नव्हता.

तू विचारलंस आवाज का बदलला. मी म्हणालो वारा फिरला. धावपट्टी नऊ मिनिटांवर होती, मध्ये सगळा उभा मका आणि नदी. माझी पाचावर धारण बसली होती. शिट्टी वाजवत होतो ती मला स्वतःलाच ऐकू येत नव्हती. मी त्या इंजिनाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही, फादर हायनेकनाही सांगणार नाही.

दट्ट्याचं इंजिन असतं तर दोन मिनिटांत जाम झालं असतं, असं मी म्हणतो. एमिल म्हणतो चार. पण हे नऊ मिनिटं चाललं. कण्हत, थरथरत, पण चाललं. चाकं टेकली, शेडपर्यंत आलो, तुला उतरवलं, आणि मग मी किल्ली फिरवली. तेव्हापासून ते हललेलं नाही. काल उघडलं. डबा वाकलाय, त्रिकोणाच्या टोकांच्या पट्ट्या जळून गेल्यात. आत काही वाचलेलं नाही.

नळीचा एक पट्टा सुटला होता, नेमका एमिलने न तपासलेला. मी म्हटलं होतं, "तो राहू दे, तो माझ्या हातचा आहे."

मी पाटीसमोर गेलो आणि एमिलला म्हणालो, "लिही. इंजिनाचा दोष, एक. या वेळी खरंच इंजिन गेलं." चार महिने ज्या शून्यासाठी भांडलो ते मीच पुसायला निघालो होतो. एमिलने खडू खिशात घातला. म्हणाला, "जे तुझ्या बहिणीला घेऊन घरी आलं त्याच्या नावावर मी दोष लिहिणार नाही. आणि थांबलंय कुठे? तू बंद केलंस."

शून्य तसंच आहे. मी तुला मारलं असतं, अल्बिना. दुसऱ्यांदा.

लुमिर

*

सीडर रॅपिड्स
६ ऑक्टोबर २००४

प्रिय लुमिर,

हे पत्र शेजारची व्लास्टा लिहून घेते आहे. तुझं पत्रही तिनेच वाचून दाखवलं आणि मध्ये दोनदा थांबून पाणी प्यायली. तेव्हा इथे लपवायला काही उरलेलं नाही.

बदकाचं तू सांगितलंस तेव्हाच मला कळलं होतं. अरे, तुझी बायको डम्पलिंग आपण खाली उतरल्यावरच करायला घेते. पन्नास वर्षं तिच्या हातचं जेवतोयस.

आणि आता माझं ऐक. दुसरी चक्कर संपत आली तेव्हा मला वास आला. गोड. जर्दाळू पाकात शिजताना येतो तसा. पाणी गोठू नये म्हणून त्यात हिरवं औषध घालता ना, त्याचा. जेरोमशी संसार होता तेव्हा आमच्या गाडीचं पाणी दर हिवाळ्यात गळायचं, हा वास मी झोपेतही ओळखीन. तुझ्या काट्याला कळायच्या आधी मला कळलं होतं. मी तेव्हाच बोलले असते तर तू तेव्हाच वळला असतास, पाणी थोडं तरी असतं, इंजिन वाचलं असतं. पण तुकडा अजून पुरता दिसला नव्हता. मी नाक बंद केलं आणि म्हणाले, आणखी एक.

तेव्हा पाटीवर कुणाचं नाव लिहायचं असेल तर माझं लिहा.

आता काय दिसलं ते सांगते. वर असताना सांगितलं नाही, सगळा वेळ बघण्यातच गेला. नव्या मालकाने कुंपण काढून टाकलंय आणि पार कडेपर्यंत मका लावलाय. रस्त्याकडची बाजू सरळ आहे. पण ओढ्याकडची बाजू बाहेर फुगलेली आहे, आणि जुन्या रेल्वेकडचीही. छान गोलाईने. अगदी तू मला पोस्टाने पाठवलेल्या त्या इंजिनाच्या त्रिकोणाच्या चित्रासारखी. मी दोरी लावली ती कुंपणाला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. कुंपण सरळ होतं, जमीन सरळ नव्हती. कुंपणापलीकडे झुडपं होती म्हणून मला वाटलं शेत संपलं. बाबा झुडपांतून वाट काढून पलीकडेही नांगर घालत असणार.

घरी आल्यावर व्लास्टाला आकडे सांगत हिशेब मांडला. फुगवटा साठ फूट धरला तर दोन्ही बाजूंचे मिळून दोन एकर होतात. अकरा आणि दोन.

अडतीस वर्षं मी मुलांना चूक उत्तर शिकवलं, लुमिर. बाबा बरोबर होते आणि हे मी सांगायला ते आता नाहीत, म्हणून तुला सांगते. दोन दिवस बोलले नव्हते मी त्यांच्याशी. इथे मी थोडी रडले, व्लास्टा, ते लिहू नकोस.

तिने लिहिलं.

तुझं इंजिन गेलं, त्याचं मला वाईट वाटतं. सतरा वर्षं तू विमान माझ्यासाठी बांधलंस आणि मी त्याचं इंजिन एका चकरेसाठी जाळलं. तरी पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करीन, हेही तुला कळायला हवं. आता माझं बघून झालं. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला घेऊन जा, ज्याला काही दिसतं.

पत्र लिहिशील तर मोठ्या अक्षरात लिही. कडेने बघून एखादा शब्द मला स्वतःला वाचता आला तर बरं वाटेल.

अल्बिना

*

विल्बर
२१ ऑक्टोबर २००४
(कोळशाच्या गोणीचा कागद उसवून, भिंत रंगवायच्या ब्रशने. एका कागदावर मोजकेच शब्द. नऊ कागद, गुंडाळी करून पोस्टाने.)

अल्बिना,

दुसरं इंजिन आणलं. तसंच.

हलणारे भाग तीनच.

नळ्या एमिल बसवणार.

मला हात लावू देत नाही.

पाटीवर बाबांचे तेरा लिहिलेत.

मे महिन्यात ये.

दिसलं नाही तरी चालेल.

मला ऐकू येत नाही, काटा उशिरा सांगतो.

वास घ्यायला तू हवीस.

लुमिर